यमकात बकलावा

प्रश्न : ग्रीक जेवणावर ताव मारणाऱ्या मुलाची गमतीदार कविता मुलीला शाळेत म्हणायची आहे. ग्रीक पदार्थांची नावं मराठीत बसतील? (एक आई, नेपानगर)

उत्तर : खुशाल बसतील. शिवाय बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी तुमच्या शेजारीच, म्हणजे बकलावा या मिठाईला यमक तयार :

ताटामध्ये बकलावा,
हवा कशाला मग मावा?

प्रत्येक ओळीत आठ आणि सहा मात्रा. टाळ्यांवर म्हणता येतं. (जिलेबीवाले रागावतील, रागावू द्या!) त्झात्झिकी म्हणजे दही, काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, आपल्या कोशिंबिरीची चुलतबहीणच. तिला धृपदात घ्या, जीभ अडखळली की वर्ग हसेल. मात्र पदार्थांची यादी नको, मुलाची फजिती हवी : कोपरापर्यंत ओघळलेला मध, बोटांना चिकटलेला पिस्ता, आईची हाक.