प्रवाळपेटीतला बेडूकमासा

इसवी सन १७१९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लुई रनार याने माशांच्या रंगीत चित्रांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रे सॅम्युएल फॅलूर नावाच्या गृहस्थाने काढली होती. हा फॅलूर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, राहिला होता. या ग्रंथात पाय असलेल्या एका माशाचे चित्र आहे. हा मासा आपल्याला वाळूवर सापडला, तो आपण तीन दिवस घरात जिवंत ठेवला आणि लहानशा कुत्र्याप्रमाणे तो आपल्या मागे मागे हिंडत असे, असे फॅलूर त्याविषयी सांगतो. त्याच ग्रंथात त्याने जलपरीचेही चित्र दिले आहे. तेव्हा त्याच्या शब्दावर कितपत विसंबावे हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. चालणारा मासा मात्र कल्पनेतला नव्हता. इंग्रजीत ज्याला फ्रॉगफिश म्हणतात आणि ज्याला आपण बेडूकमासा म्हणू, तोच हा मासा.

फॅलूरजवळ काचेची पेटी नव्हती, पंप नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले ते १८५३ साली, आणि मुंबईकरांच्या परिचयाचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली. आज पाण्याला गती देणारे, त्यातील घाण फेसावाटे काढणारे, दिवसाउजेडाची नक्कल करणारे असे सर्व प्रकारचे साहित्य विकत मिळते. परदेशातच नव्हे, तर आपल्याकडच्या मोठ्या शहरांतूनही समुद्री पेट्या ठेवणारे हौशी लोक आहेत. तरीसुद्धा बोटाच्या पेराएवढा बेडूकमासा घरी आणला आणि थोड्याच दिवसांत दगावला, असा अनुभव अनेकांना येतो. येथे साधनांची उणीव नसते. उणीव असते ती समोरचा जीव कोण आहे हे ओळखण्याची. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या माशाचा विचार करावयाचा आहे.

मासा की गळ टाकून बसलेला कोळी?

बेडूकमाशांच्या सुमारे पन्नास जाती आज ज्ञात आहेत. बहुतेक जाती उष्ण समुद्रांत, उथळ पाण्यात राहतात. पेटीसाठी ज्याची पिले अधिक मागितली जातात तो चामखिळ्या अंगाचा ‘अँटेनेरियस मॅक्युलेटस’. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४० साली मॉरिशस येथील नमुन्यावरून झाले. पूर्ण वाढ झाल्यावर तो सुमारे दहा सेंटिमीटर भरतो. पण दुकानात येणारे पिलू दोन-तीन सेंटिमीटरचेच असते. पांढऱ्या किंवा पिवळ्या अंगावर शेंदरी ठिगळे असलेले हे पिलू पाहिले, की ते मासा न वाटता एखादे खेळणे वाटते.

त्याचे पुढचे पर कोपरात वाकलेल्या हातांसारखे असतात आणि पोटाखालचे पर पावलांसारखे. त्यांच्या आधाराने तो खडकावर पावले टाकीत चालतो. कल्ल्यांची छिद्रे बारीक, गोल आणि हाताच्या मागे असतात. घाईचा प्रसंग आला तर त्यांतून पाण्याचा झोत मागे सोडून तो पुढे सरकतो. एरवी हालचाल नाही. स्पंजाचा किंवा खडकाचा तुकडा पडून राहावा, तसा तो तासन् तास बसून राहतो. आपल्याकडच्या तळ्याकाठी ध्यान लावून बसलेला बगळा ज्याने पाहिला आहे, त्याला या समाधीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

मात्र बगळ्याजवळ नसलेले एक साधन या माशाजवळ असते. पाठीच्या पराचा पहिला काटा पुढे सरकून ओठाच्या वर आलेला असतो. ती त्याची काठी, आणि तिच्या टोकावर मांसाचा एक लहानसा गोंडा, ते आमिष. काही जातींत हे आमिष किड्यासारखे असते, काहींत नुसत्या झुपक्यासारखे. मॅक्युलेटसचे आमिष तर चक्क छोट्या माशाच्या आकाराचे असते. थिओडोर पीच व डेव्हिड ग्रोबेकर या संशोधकांनी १९७८ साली या माशाकृती आमिषाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा प्राणिशास्त्रज्ञांनाही त्याचे नवल वाटले. भक्ष्य जवळ आले की बेडूकमासा ही काठी हलवू लागतो. भुलून आलेला मासा तोंडाच्या टप्प्यात आला, की जबडा एकदम पुढे उघडतो, तोंडाची पोकळी सुमारे बारा पट होते आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. या साऱ्याला सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भाग एवढाच वेळ पुरतो. आपली पापणी लवण्याच्या आत अशा कित्येक शिकारी होऊन जातील!

ही विद्या माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भूमध्य समुद्रात याचा एक मोठा भाऊबंद राहतो. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात त्याच्या शिकारीचे वर्णन केले आहे आणि पुराव्यादाखल एक मार्मिक निरीक्षण दिले आहे : हा मासा इतका मंद असूनही त्याच्या पोटात अत्यंत चपळ मासे सापडतात. ज्याच्या काठीची टोके तुटलेली असतात असा मासा हडकलेला आढळतो, हेही त्याने नोंदवले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे वाक्य आजच्या मत्स्यपालकानेही ध्यानात ठेवावे असे आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

पेटीची तयारी

अंग लहान म्हणून पेटी कशीही चालेल, असे समजणे ही पहिली चूक. बेडूकमासा फिरत नसल्यामुळे त्याला जागा थोडी लागते हे खरे. ६० ते ८० लिटरची पेटी एका पिलाला पुरते. परंतु पाणी थोडे असले की ते बिघडतेही लवकर. माशाच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. खडकावर आणि वाळूत वाढणारे काही जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात; त्यातले नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असते. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. तेवढे दिवस पेटी माशाविना चालू ठेवण्याचा संयम ज्याला नाही, त्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये. बेडूकमासा एका वेळी भरपूर गिळणारा असल्याने त्याच्या पेटीतील जिवाणूंवरचा भार अधिकच असतो. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ अंश सेल्सियसच्या जवळपास स्थिर राखावे. दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे.

दुसरी चूक याच्या उलट. काहीजण मोठी, प्रवाळांनी भरलेली जुनी पेटी असेल तर त्या पिलाला सरळ तीत सोडतात. पाणी उत्तम असते, पण दुसऱ्या दिवसापासून मासा दिसत नाही. खडकांच्या असंख्य सांदींत दोन सेंटिमीटरचा, स्पंजासारखा दिसणारा जीव शोधणार कोण? त्याने खाल्ले की नाही हेही कळत नाही. शिवाय पंपाच्या तोंडाशी तो ओढला जातो. समुद्रफूल किंवा दंश करणारे प्रवाळ त्याला पोळतात, प्रसंगी समुद्रफूल त्याला गिळूनही टाकते. म्हणून पिलाला प्रथम लहान पेटीत, किंवा मोठ्या पेटीतच जाळीच्या कप्प्यात ठेवावे. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधावा. ओघ मंद ठेवावा. एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना जाळीने पाण्याबाहेर उचलू नये. त्याने तोंड उघडून हवा गिळली, तर ती बाहेर टाकणे त्याला अवघड जाते. भांडे पाण्यात बुडवून, त्यात त्याला हळूच लोटून, पाण्यासकट उचलावे.

येथे आपल्या वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळांना भारतात वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. मालवणच्या समुद्रातले असोत की अंदमानचे, असे प्रवाळ काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. बेडूकमाशाला त्यांची गरजही नाही. बसायला खडबडीत जागा मिळाली की झाले. कृत्रिम खडकावरही तो तितक्याच समाधानाने बसतो.

आहार : दया आणि अतिदया

पिलू प्रथम मेलेल्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. हालेल तेच त्याच्या लेखी अन्न. म्हणून सुरुवातीला बारीक जिवंत करंदी द्यावी. एक दिवसाआड एखाददुसरी पुरे. पुढे मेलेल्या कोळंबीचा तुकडा बारीक काडीच्या टोकाला लावून त्याच्या तोंडासमोर हळूहळू हलवावा. म्हणजे काय, की दुसऱ्याला गळ टाकणाऱ्यालाच आपण गळ टाकावयाचा! काही दिवसांच्या खटपटीनंतर बहुधा तो फसतो. मासा मोठा झाला म्हणजे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा खाऊ घातले तरी चालते.

गोड्या पाण्यातले गोल्डफिश, गप्पी वगैरे स्वस्त मासे रोज घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. समुद्री शिकारी माशाला हा आहार दीर्घकाळ मानवत नाही. त्यातील चरबी यकृतावर बसते. त्याहून मोठा धोका भक्ष्याच्या आकाराचा. बेडूकमासा स्वतःएवढा मासासुद्धा गिळू शकतो, आणि समोर आला तर गिळतोच. पण गिळणे आणि पचवणे यांत अंतर आहे. फार मोठे भक्ष्य पचण्याआधी पोटातच कुजू लागते आणि त्यात मासा मरतो. त्याचे पोट ‘पुरे’ म्हणत नाही. ते आपण म्हणावयाचे असते. त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे भक्ष्य देऊ नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. कधी कधी तो जबडा वासून मोठी जांभई देतो. ते भुकेचे लक्षण समजून लोक आणखी खाऊ घालतात. वास्तविक पुष्कळदा ती त्रास झाल्याची खूण असते.

सोबती कोण?

याचे उत्तर एका शब्दात देता येते : कोणी नाही. त्याच्यापेक्षा लहान किंवा त्याच्याएवढा जो असेल तो आज ना उद्या पोटात जाईल. मग तो पट्टेवाला क्लाऊनफिश असो, सफाई करणारी झिंगा असो, की दुसरा बेडूकमासा असो. जो मोठा असेल तो याला स्पंज समजून टोचेल, किंवा ते डुलणारे आमिषच तोडून नेईल. ॲरिस्टॉटलचे वाक्य आठवावयाचे ते येथे. तुटलेले आमिष पुन्हा वाढू शकते, पण त्याला काही महिने लागतात. तेव्हा पेटी भरलेली दिसावी या हौसेने त्याच्याबरोबर चार मासे सोडणे म्हणजे एक तर त्यांचा बळी देणे, नाही तर याचा.

रंगाविषयीही एक शब्द. बेडूकमासा भोवतालाप्रमाणे काही दिवसांत वा आठवड्यांत रंग पालटतो. पिवळा म्हणून हौसेने घेतलेला मासा उद्या तपकिरी झाला, तर तो आजारी पडला असे समजू नये आणि दुकानदाराने फसवले असेही म्हणू नये. लपणे हाच त्याचा धर्म आहे. शोभा देणे नव्हे.

पाळावा की पाळू नये?

शेवटी हा प्रश्न उरतोच. बेडूकमाशांची मादी श्लेष्माच्या तरंगत्या पट्ट्यात अंडी सोडते. त्यांतून निघणारी सूक्ष्म पिले पेटीत वाढवणे अतिशय कठीण आहे. साहजिकच दुकानात आलेला मासा बहुधा समुद्रातून पकडलेला असतो. फिलिपाइन्समध्ये १९६० नंतर शोभेचे मासे पकडण्यासाठी प्रवाळांच्या सांदींत सायनाइड मारण्याची घातक पद्धत रूढ झाली, आणि त्यात माशांबरोबर प्रवाळही मेले. म्हणून मासा कोठून आला, कसा पकडला, दुकानात तो खातो की नाही, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. उत्तर मिळत नसेल तर रिकाम्या हाताने परतावे. रिकामी पेटी ही काही लाजिरवाणी गोष्ट नव्हे.

आणि घेतलाच, तर त्याला खेळणे समजू नये, कुत्रेही समजू नये. फॅलूरच्या मागे तो मासा खरोखर हिंडला असेल काय? कोण जाणे. आजही काडी घेऊन मालक पेटीजवळ आला, की बेडूकमासा काचेकडे तोंड वळवतो आणि मालकाला वाटते, याने आपल्याला ओळखले. त्याने ओळखलेली असते ती काडी. हे एकदा मान्य केले, की माणसाचा हिरमोड होईल खरा. पण मग त्याच्या भुकेच्या जागी आपली माया आणि त्याच्या एकांताच्या जागी आपली हौस घालण्याची चूक आपल्या हातून होणार नाही. फॅलूरचा पाहुणा तीन दिवसांचा होता. आपला पाहुणा किती दिवसांचा, हे पेटी आणि पंप यांच्यापेक्षा या समजुतीवरच अधिक अवलंबून आहे.