दातांवर दात नकोत

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. माझा उजवीकडचा कितीतरी वर्षं दुखतो आहे. शिकवणं हा माझा पेशा, म्हणजे त्याला विश्रांती कमीच. औषधांच्या जोडीने जे करत आले, त्यातून पटलेलं लिहिते.

१. आधी निदान, मग बाकीचं. चेहऱ्यात क्षणभर विजेसारखी कळ चमकत असेल, तर तो बहुधा नसेचा आजार. त्याची औषधं वेगळी. पन्नाशीनंतर घास चावताना जबडा भरून येतो, कानशिलं ठणकतात, नजर अंधुक होते, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. जिना चढताना जबडा दुखला तर हृदय तपासावं. आणि गुटखा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं, तर बहुतेकदा दोष सांध्याचा नसतो. तोंडाचं आतलं अस्तर ताठर झालेलं असतं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. तिथे शेक-मालिशीत वेळ घालवणं मला बघवत नाही.

२. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. माझ्या मते सगळ्यात मोठा उपचार हाच, आणि फुकट. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायचं कारणच नसतं. पण वह्या तपासताना, गर्दीत गाडी चालवताना, भाजी चिरतानासुद्धा आपण ते आवळून धरतो. मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूचं एक टिंब काढते. नजर गेली की जबडा सैल सोडायचा.

३. व्यायाम थोडा, पण वारंवार. जीभ टाळूला टेकवून, ती सुटणार नाही इतपतच तोंड उघडायचं. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांची पद्धत प्रसिद्ध आहे: सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहादा. त्यात मान आणि खांदेही येतात. मोबाइलवर वाकलेली मान जबड्याला स्वस्थ बसू देत नाही.

४. ओल्या, गरम पंच्याचा शेक. झोपण्यापूर्वी.

५. भ्रामरी करावी, तिच्यात ओठ मिटून दात सुटेच ठेवायचे असतात. सिंहासन मात्र नको. जबडा कटकट वाजत असेल किंवा मधेच अडकत असेल, तर तोंड एवढं वासणं धोक्याचं. मोठी जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी.

६. न परतणारे उपचार दूर ठेवावेत. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी छापल्या. देखरेखीखालचे व्यायाम, तज्ज्ञाच्या हातांनी सांधा आणि स्नायू मोकळे करणं, विचार-वर्तनाचं समुपदेशन यांना त्यांत ठाम पसंती आहे. ॲक्युपंक्चरला सावध होकार. चावा कायमचा बदलणारी साधनं आणि सांध्यातली चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांना ठाम नकार. रात्री घालायच्या नाइट गार्डवरही त्यांचा फारसा भरवसा नाही, पण दात झिजण्यापासून वाचवायला तो कामी येतो, म्हणून मी वापरते.

७. दुखणं वर आलं की खिचडी, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस, चिक्की, च्युइंगगम बंद. पेरू खायचाच असेल तर फोडी बारीक करून, दोन्ही बाजूंनी चावून.