जुने फ्लॅग काढताना

अगं, नव्या टीममध्ये पहिलंच काम जुने फीचर फ्लॅग काढायचं मिळालं म्हणून हिरमुसू नकोस. दुसऱ्यांचा पसारा आवरत बसलेय, असं तुला वाटतंय ना? मला मात्र हे काम फार मोलाचं वाटतं, आणि ते का, हे तुला सांगायचंय.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीचं काय झालं ते एकदा नीट वाच. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी कंपनीने ऑर्डरी पाठवणाऱ्या यंत्रणेत नवा कोड घातला आणि तो चालू करायला एक जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला. तो फ्लॅग पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या सोयीचा होता. २००३ मध्येच त्या सोयीचा वापर थांबला होता, कोड मात्र तसाच पडून होता. ऑर्डर पुरी झाली की थांबवणारी मोजणी २००५ मध्ये तिथून हलवली गेली, आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालतंय का, हे कुणी तपासलं नाही.

नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर पोचला. आठव्यावर तो जुना कोड जागा झाला आणि थांबायचं कधी हे माहीत नसल्यासारखा ऑर्डरी पाठवत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाख व्यवहार झाले आणि कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. घाबरून उरलेल्या सातांवरून नवा कोड काढला, तर तिथेही तेच सुरू झालं. बाजार उघडण्याआधीच पॉवर पेगचं नाव असलेले ९७ ईमेल यंत्रणेतून आपोआप गेले होते. त्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लोक त्या आठव्या सर्व्हरबद्दल बोलतात. माझ्या मते खरं दुखणं २००३ चं आहे. तेव्हाच तो कोड काढला असता, तर एक सर्व्हर सुटल्याने एवढा अनर्थ झालाच नसता. म्हणून एक गोष्ट गाठीला बांध: काढलेल्या फ्लॅगचं नाव पुन्हा कधीही वापरायचं नाही.

आता कामाचं. सगळ्यांसाठी शंभर टक्के चालू असलेले आणि बरेच महिने कुणी हात न लावलेले फ्लॅग आधी हुडकून काढ. पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नकोस. पेमेंट अडकलं तर रात्री तातडीने बंद करायचा फ्लॅगही वर्षानुवर्षं तसाच दिसतो, आणि तो हवाच असतो. ठराविक ग्राहकांनाच सोय देणारे फ्लॅगही वेगळे. म्हणून गिटच्या इतिहासात तो कुणी आणि कशासाठी घातला ते बघ, आणि त्या माणसाला सरळ विचार. विचारण्यात कसला कमीपणा?

कोडमध्ये नाव सापडलं नाही म्हणून फ्लॅग वापरात नाही असंही धरू नकोस. कधी नाव दोन तुकडे जोडून तयार केलेलं असतं, कधी ते नुसतं कॉन्फिग फाइलमध्ये असतं. फ्लॅग सर्व्हिसमध्ये शेवटची विचारणा कधी झाली ते दिसत असेल, तर त्यावर जास्त विश्वास ठेव.

आणि क्रम चुकवू नकोस, बाई. आधी कोडमधून फ्लॅग काढायचा, तो कोड सगळीकडे पोचल्याची खात्री करायची, मगच डॅशबोर्डवरून. उलट केलंस तर कोड फ्लॅग शोधेल, मिळणार नाही, आणि डीफॉल्ट किंमत घेईल. ती बहुतेकदा ‘बंद’ असते. म्हणजे चालू असलेली सोय सगळ्यांसाठी एकदम गायब! मोबाइल अ‍ॅप असेल तर आणखी थांबावं लागतं, कारण लोकांच्या फोनवरची जुनी आवृत्ती तोच फ्लॅग पुढेही कितीतरी दिवस मागत राहते.

नुसती अट काढून थांबू नकोस. तिच्या दुसऱ्या फांदीतली फंक्शन्स, त्यांच्या टेस्ट, स्क्रीनवरचा मजकूर, सगळं मागोमाग जाऊ दे. उबरने यासाठी पिरान्हा नावाचं साधन बनवलं आणि २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते जुन्या फ्लॅगचा कोड काढून तयार बदल मूळ लेखकाकडेच तपासायला पाठवतं. मला ही रीत फार आवडते. ज्याने घातला त्यालाच त्याचे कानेकोपरे ठाऊक असतात. पण ती व्यक्ती कंपनी सोडून गेली असेल तर? म्हणून नवा फ्लॅग घालतानाच त्याच्या मालकाचं नाव आणि तो काढायची तारीख लिहायचा आग्रह तू टीममध्ये धर. तू नवी आहेस, तरी धर.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच फ्लॅग घे. काही बिघडलं तर तेवढाच बदल मागे घेता येईल, आणि तपासणाराही मनापासून वाचेल. पहिला एखादा साधासा निवड, ज्याचा लेखक अजून तुमच्याच मजल्यावर बसतो असा. अडलीस तर रात्री फोन कर, मी जागी असते.