मनोरी ते गोराई

मार्वेहून होडीने मनोरीची खाडी ओलांडली, की धारावी बेट लागते. मुंबईतली धारावी निराळी, बरं का! या बेटावर मनोरी, गोराई, उत्तन ही कोळ्यांची गावे आहेत. जागोजागी बांबूंवर बोंबील वाळत असतात.

एका पौर्णिमेला आम्ही मनोरीहून वाळूवाळूने गोराईला पायी निघालो. साडेदहा झाले होते. खडकांपाशी पाणी गुडघ्याला लागले. मागे वळलो, तर तिथेही पाणी! चपला हातात घेऊन कसेबसे खडकावर चढलो नि उन्हात बसून राहिलो.

ओहोटी लागल्यावर एक कोळीण कालवे काढायला आली. म्हणाली, "मास्तर, तिथी बघून निघावं ना!" तिने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पुरी होते. पौर्णिमा म्हणजे १५. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापुढे सुमारे ६ तासांनी पुरी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. थोडे मागेपुढे होते, पण मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब लागू पडतो.

पोरांकडून पाऊणकी घोकून घेण्यात आमचा जन्म गेला. हे मात्र ठाऊक नव्हते!

पुढल्या खेपेस आम्ही अष्टमी धरली. सांगा पाहू, किती वाजता निघालो असू?