आधी कढई, मग जाहिरात

पुण्यात आम्ही दोघी मैत्रिणींनी घरगुती फराळ ऑनलाइन विकायला सुरुवात केली ती २०२२ साली. पहिल्याच वर्षी वसुबारसेच्या रात्री फराळ करणाऱ्या आमच्या काकूंनी गॅस बंद केला, कढई उतरवली, हात धुतले. त्याच वेळी फोनवर चकलीच्या नव्या ऑर्डरी टणटण वाजत होत्या. जाहिरात बंद करायची राहूनच गेली होती! पैसे परत करण्यात आणि माफी मागण्यात आमची धनत्रयोदशी गेली. तेव्हापासून चार दिवाळ्यांत जे शिकलो, ते इथे मांडते.

१. मोजणी कढईपासून सुरू करा.
आधी आम्ही जाहिरातीचं बजेट ठरवायचो आणि मग ‘होईल काहीतरी’ म्हणायचो. आता पहिला प्रश्न काकूंना: दिवसाला किती किलो चकली निघेल? अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं, आणि गूळ घालून कुटलेलं पीठ पुढे चार-पाच दिवस मुरतं. जाहिरातीवर दुप्पट पैसे ओतले म्हणून ते पीठ लवकर मुरत नाही. म्हणून अनारशांची ऑर्डर आम्ही कोजागरीला बंद करतो आणि जाहिरातीतही ते ठळक लिहितो.

२. तारीख नको, तिथी धरा.
२०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये आम्ही जाहिरातींचा तोच तक्ता पुढे ओढला आणि फसलो. त्या वर्षी अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. आमच्या जाहिराती संपल्या तेव्हा लोकांनी फराळाचा विचारही सुरू केला नव्हता. पुढे २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर, म्हणजे दर वर्षी अकरा दिवस अलीकडे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुन्हा ८ नोव्हेंबर. आता आमचा तक्ता ‘लक्ष्मीपूजनाआधी इतके दिवस’ असा असतो. शेजारी पगाराचा रकाना. दिवाळी महिन्याच्या सुरुवातीला आली की खिसा ताजा असतो. २१ तारखेला आली की सप्टेंबरचा पगार दसऱ्यातच खर्ची पडलेला असतो आणि सगळ्यांचे डोळे बोनसकडे लागलेले असतात.

३. ओळख गणपतीत, आठवण दिवाळीत.
फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरातीची जागा लिलावाने जाते. नवरात्रात मोठे गडी मैदानात उतरतात आणि बोली चढते. २०२५ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचे सेल घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबरला सुरू झाले. त्या गर्दीत आमच्यासारख्यांनी नवं गिऱ्हाईक शोधायला जाणं म्हणजे लक्ष्मी रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं. म्हणून अनोळखी लोकांवरचा खर्च आम्ही श्रावण ते गणपती या काळात करतो; दिवाळीत फक्त ओळखीच्यांना आठवण करून देतो. पितृपक्षात विक्री थंड असते, तेव्हा फोटो काढतो आणि खोकी तपासतो. गेल्या वर्षी नागपूरच्या मावशीला चार तऱ्हांनी बांधलेल्या करंज्या पाठवल्या. तीन खोक्यांत चुरा निघाला. चौथ्यासारखं पॅकिंग कायम केलं.

४. नंबर सेव्ह करून घ्या.
व्हॉट्सॲप बिझनेस ॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. हे कळेपर्यंत एक अख्खा हंगाम आम्ही भिंतीशी बोलत होतो. आता गणपतीत उकडीच्या मोदकांच्या डब्यात चिठ्ठी जाते: ‘हा नंबर सेव्ह करा, फराळाची यादी आधी तुम्हाला येईल.’

५. परदेशातल्या पार्सलचा शब्द जपून द्या.
आमचं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियातल्या लेकीला चिवडा पाठवणारे आईवडील. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सीमाशुल्क माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, आणि त्या गोंधळात इथून टपालाने जाणारी पार्सलं थांबली. ती वाट १५ ऑक्टोबरला उघडली, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. आम्ही मात्र ‘दिवाळीपूर्वी घरपोच’ असं ऑगस्टच्या सुरुवातीलाच छापून बसलो होतो. प्रत्येकाला फोन केला, खासगी कुरिअरचा वाढलेला दर सांगितला, नको असेल त्याचे पैसे परत केले. आता पार्सल कधी निघेल ते आम्ही सांगतो. कधी पोहोचेल ते फक्त अंदाजाने.

६. सवलत घाईला नको, सवडीला द्या.
पहिल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात वीस टक्के सूट दिली. आधी पूर्ण पैसे भरलेले गिऱ्हाईक चिडले, नवे आलेले पुन्हा फिरकले नाहीत. आता दसऱ्याच्या आत ऑर्डर देणाऱ्याला डिलिव्हरी मोफत. त्याचे दोन पैसे वाचतात आणि आम्हाला भाजणी किती दळायची ते कळतं.

७. भाऊबीज झाली की वही उघडा.
तक्रारी ताज्या असतानाच लिहून ठेवा. ‘शंकरपाळे कडक’, ‘लाडू मोजून एक कमी’, ‘डब्यावर बनवल्याची तारीख पुसट’. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत काय म्हणायचं आणि त्याआधी काय सुधारायचं, हे त्या वहीतच सापडतं.

जाहिरात थांबवायचा दिवस आता काकू ठरवतात. वसुबारसेला शेवटचा घाणा काढला की त्या आमच्याकडे बघून विचारतात, “फोन बंद केलात ना गं?” आम्ही हो म्हटल्यावरच कढई खाली उतरते.