शौच धरवत नाही? लपवू नका, उपचार आहेत

भगिनींनो, बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटला, तर काही बायांना पुढे शौच धरवत नाही. लाजेने त्या लग्नकार्याला, सभेला जाणंच सोडतात. हा आजार आहे, तुमचा दोष नाही.

वारा अडवतो तसं गुदद्वार आवळा, 5 आकडे मोजा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा करा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. शौच पातळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या.

म्हाताऱ्या माणसांत कडक मळ आत अडकतो आणि बाजूने पातळ गळतो. जुलाब समजून तो थांबवायची गोळी देऊ नका.

एवढ्याने भागलं नाही, तर सरकारी रुग्णालयात सर्जनला दाखवा; फाटलेला स्नायू शिवता येतो. रक्त पडलं तर थांबू नका. पाय अचानक बधिर झाले तर त्याच क्षणी निघा.