स्वित्झर्लंडला निघालेल्या ज्येष्ठांसाठी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की दवाखान्यात हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलगा आम्हाला स्वित्झर्लंडला पाठवतोय. शुगर आहे, गुडघे दुखतात. जाऊ ना?" बहुतेकांना मी 'जरूर जा' असेच सांगतो. स्वेटर कोणता न्यावा, चकल्या किती न्याव्यात, याची चौकशी सगळे करतात. पण ज्या नऊ तासांत शरीराची खरी परीक्षा होते, त्या विमानप्रवासाविषयी सहसा कोणी विचारत नाही.

मुंबईहून झुरिचला थेट विमानाने सुमारे नऊ तास लागतात. आपल्याकडून मुंबई गाठायला गाडीत सात-आठ तास जातात आणि विमानतळावर आणखी तीन तास. म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस माणूस पाय लोंबकळत ठेवून बसलेला असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसून राहिल्यावर हा पंप बंद पडतो, रक्त पायात साकळते आणि क्वचित खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतेच ऑपरेशन किंवा प्लास्टर झाले आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा वजन फार आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. घरातल्या सुना-मुलींनाही एक सांगणे आहे. सहलीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. काही स्त्रियांमध्ये त्यांनीही गुठळीचा धोका वाढतो.

आपल्या ज्येष्ठ मंडळींची, विशेषतः बायकांची, एक सवय इथे नडते. लघवीला उठावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. खिडकीची जागा हौसेने घेतलेली असते आणि बाहेर पडायचे तर शेजारच्या दोन अनोळखी माणसांना उठवावे लागते. मग संकोचाने रात्रभर तसेच बसून राहायचे! विमानातली हवा अतिशय कोरडी असते. त्यात पाणी नाही आणि हालचालही नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की खिडकी नातवाला द्या आणि स्वतः वाटेच्या कडेची जागा मागून घ्या. दर तास-दीड तासाने उठा. बसल्या जागी टाच टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे वीस-पंचवीस वेळा करा. पिशवी पायाशी ठेवून पायांची जागा अडवू नका. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही टाळा. गुठळी होऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका. गुडघ्याखालचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण ते मापाचे हवेत. पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी ते विचारूनच घालावेत.

विमान उंच गेल्यावर आतली हवा कळसूबाईच्या शिखरावरच्या हवेपेक्षाही विरळ असते. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आणि ज्यांच्या अंगात रक्त फार कमी आहे त्यांनी तपासून घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

आता औषधे. ती सगळी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग कधी मागे राहते, आणि सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठले तर ते निकामी होते. गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिकडच्या औषध दुकानदाराला कळेलच असे नाही. स्वतःपुरती एक महिन्याची औषधे स्वित्झर्लंडमध्ये नेता येतात.

माझ्या एका रुग्णाची, निवृत्त शिक्षकांची, गोष्ट सांगतो. विमानात जेवणाच्या गाड्या निघालेल्या पाहून त्यांनी इन्सुलिन टोचून घेतले. तेवढ्यात विमान हादरू लागले. गाड्या परत गेल्या आणि पाऊण तास जेवण आले नाही. गुरुजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. बाईंच्या पर्समध्ये पेढे होते म्हणून निभावले. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे, आणि साखर किंवा ग्लुकोज खिशात असावे, वरच्या कप्प्यात नव्हे. तिकडची घड्याळे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो. डोस कोणत्या वेळी घ्यायचा, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

झुरिचला उतरल्यावर चालणे बरेच असते. भारतातून आलेले विमान लागते तो भाग मुख्य इमारतीपासून दूर आहे. तिथून जमिनीखालच्या छोट्या गाडीने जावे लागते. या गाडीत गाईंच्या घंटा आणि हंबरणे ऐकू येते, दचकू नका! गुडघेदुखी असेल तर चाकाची खुर्ची निघण्यापूर्वी किमान दोन दिवस आधी विमान कंपनीकडे सांगून ठेवा. तिला पैसे पडत नाहीत आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. सहलीसाठी घेतलेले कोरे बूट मात्र त्या दिवशी घालू नका. विमानात पाय सुजतात, आणि बधिर पायाला पडलेला फोड मधुमेह्याला कळतही नाही. रिकामी बाटली जवळ ठेवा. तिथल्या नळाचे पाणी बिनधास्त पिता येते. काही त्रास झालाच, तर रुग्णवाहिकेसाठी 144 फिरवा. व्हिसासाठी काढलेल्या आरोग्य विम्याचा कागद बॅगेच्या तळाशी न ठेवता पासपोर्टसोबत ठेवा.

प्रवासात दोन्ही पाय थोडे सुजतात, ते एक-दोन दिवसांत उतरतात. पण एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ती चोळू नका. अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली तर थेट रुग्णालयात जा. ही लक्षणे घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतात. तेव्हा डॉक्टरांना आपण लांबचा विमानप्रवास करून आलो आहोत, हे आवर्जून सांगा.